तेलावर शुल्क वाढलं, मग सोयाबीनचा भाव का वाढत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बाजार समितीच्या ओट्यावर असो की फोनवर, प्रश्न तोच असतो: सरकारनं खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं, तेलाचा डबा महागला, मग सोयाबीन हमीभावाच्या खाली का?

सोयाबीनला आपण तेलबिया म्हणतो खरं, पण सोयाबीन गाळणारा प्लांटवाला त्याकडे पेंडेचं पीक म्हणून बघतो. एक क्विंटल दाणा गाळला की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड. बाकी घट. शुल्काचा हात पोचतो तो त्या १८ किलोंपर्यंतच.

आता हिशेब मांडा. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. त्यात ५ टक्के कृषी उपकर आणि या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार मिळवला की २७.५ टक्के होतात. आधी हाच आकडा ५.५ होता. म्हणजे वाढ २२ टक्क्यांची. समजा, कच्चं सोयातेल टनाला १००० डॉलर आणि डॉलर ८४ रुपयांना. किलोला ८४ रुपये, त्याचे २२ टक्के म्हणजे साडेअठरा. गुणिले १८ किलो: क्विंटलमागे ३३३ रुपये. तेही मधल्या कुणीच काही ठेवून घेतलं नाही तर! उलट डीओसी किलोमागे नुसती चार रुपयांनी उतरली, की ८० किलोंवर ३२० रुपये गेले. इकडून आलं, तिकडून गेलं. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खालीच राहिला, त्याचं मुख्य कारण हे.

पेंड का पडते? ब्राझील-अर्जेंटिनात गाळप प्रचंड, त्यामुळे जगाच्या बाजारात डीओसी स्वस्त. आपली पेंड बिगर-जीएम, म्हणजे जनुकीय बदल न केलेल्या सोयाबीनची, म्हणून काही गिऱ्हाइकं जास्त पैसे मोजतात, पण ती मागणी थोडी. देशात मका आणि तांदळापासून इथेनॉल वाढलं, त्याचा चोथा, डीडीजीएस, कोंबडीखाद्यात सोयापेंडेची जागा घेतो. त्यात एक मेख अशी की तेलात पैसे सुटायला लागले की गाळप वाढतं, आणि गाळपासोबत पेंडही वाढते.

२०२१ आठवा. ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या वर गेलं होतं. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि त्याच महिन्यात १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी मिळाली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर. भावाची नस कुठे आहे हे सरकारला नेमकं ठाऊक असतं.

३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क पुन्हा उतरलं. सगळं धरून १६.५ टक्के. रिफाइंडवर मात्र ३५.७५ कायम. दोन्हींतली तफावत ८.२५ वरून १९.२५ वर गेली. हे संरक्षण रिफायनरीचं आहे, आपलं नव्हे. शिवाय नेपाळमार्गे शून्य शुल्कात येणारं रिफाइंड तेल आहेच.

म्हणून शुल्काची बातमी आली की आधी लातूरच्या प्लांटचा डीओसीचा दर विचारा. मग कच्च्या सोयातेलाचं टॅरिफ मूल्य बघा. सीमाशुल्क खातं ते दर पंधरवड्याला जाहीर करतं आणि शुल्क त्यावरच आकारलं जातं. तेलाच्या दराला ०.१८ नं आणि डीओसीच्या दराला ०.८० नं गुणा, गाळपखर्च आणि भाडं वजा करा. प्लांटची पडतळ, म्हणजे सोयाबीनला त्याला परवडणारा भाव, हातात येते.

आणि ओलावा मोजून घ्या. १६ टक्के ओलाव्याचा क्विंटल १२ वर वाळवला की साडेचार किलो घटतो. त्याहून जास्त कटती, म्हणजे वजनातली कपात, लावली, तर तो ओलावा नव्हे, व्यापाऱ्याचा नफा आहे.