गोठ्यातला अमोनिया आणि हवेतले आम्ल

माझी नोकरी जळगावात आणि गाव यावल तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यात. शनिवारी गावी पोहोचलो की ‘इथली हवा किती स्वच्छ’ असे आपसूक तोंडून निघते. हे कितपत खरे, असा प्रश्न गेल्या हिवाळ्यात एका पहाटे गोठ्यात शिरताना नाकाला झोंबलेल्या अमोनियाच्या वासामुळे पडला.

कोळसा आणि डिझेल जळताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेतच सल्फ्युरिक व नायट्रिक आम्ल तयार होते, आणि त्यामुळे सूक्ष्म कण आम्लधर्मी होतात. गोठा, उकिरडा आणि शेतातला युरिया यांतून उठणारा अमोनिया त्या आम्लाशी संयोग पावून त्याचे क्षार बनवतो, म्हणजे आम्लता कमी करतो. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८५२ मध्ये मँचेस्टरच्या हवेविषयी नेमके हेच नोंदवले होते: दूरच्या शेतांवर अमोनियाचे कार्बोनेट, उपनगरांत अमोनियाचे सल्फेट, आणि खुद्द शहरात सल्फ्युरिक आम्ल.

एवढ्यावर भागले असते, तर गोठ्याचे आभार मानून मी गप्प बसलो असतो. परंतु सल्फर डायऑक्साइडचे आम्ल होण्यास कित्येक तास, कधी काही दिवस लागतात. त्यामुळे भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून निघालेला वायू आम्लकण होईपर्यंत वाऱ्याबरोबर कित्येक गावे ओलांडून गेलेला असू शकतो. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये १९९० च्या दशकात झालेल्या मोजणीत तर दाट वस्तीपेक्षा शहराबाहेरच कण अधिक आम्लधर्मी आढळले, कारण दाट वस्तीत अमोनियाही अधिक होता.

शिवाय अमोनिया दहापट वाढावा तेव्हा कणांचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) जेमतेम एका अंकाने चढतो. म्हणजे गावातले कणही पुरते उदासीन होत नाहीत. कणातले पाणी जितके आम्ल, तितके त्यात लोह आणि तांबे अधिक विरघळतात, आणि श्वासाबरोबर आत गेलेले हे विरघळलेले धातूच फुप्फुसांना अधिक बाधतात. थंडीत तर नायट्रिक आम्लाची वाफ अमोनियाला मिळून घनरूप क्षार होते; आम्लता घटते, पण कणांचे वजन वाढते. अडीच मायक्रोमीटरहून बारीक कणांसाठी आपल्याकडे वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, आणि तीत हे क्षारही मोजले जातात.

आमची काळी जमीन चुनखडीची असल्याने वरून फेकलेल्या युरियातला अमोनिया लवकर उडतो. भावाला यंदा सगळा युरिया ठिबकमधूनच द्यायला सांगितले आहे. त्याला मात्र त्यात खताची बचत तेवढी दिसते.