बॉबर आडवा पडला की समजा, क्रॅपी आला

मार्च संपत आला की आमच्या केरीत, म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या Cary शहरात, रस्त्याकडेची डॉगवुडची झाडं पांढरी होतात. इथले जुने मच्छीमार म्हणतात, डॉगवुड फुललं की क्रॅपी काठाला आला. क्रॅपी म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातला चपटा मासा. मी फुलांबरोबर थर्मामीटरही बघते. पाणी ६० ते ६५ फॅरनहाइटच्या आसपास पोचलं की जॉर्डन लेक या जवळच्या धरणाच्या तलावातले क्रॅपी अंडी घालायला उथळात येतात. त्या दिवसांत होडी लागत नाही, काठावरून गरवता येतं.

माझं माहेर रायगडातलं. खाडीत गरी टाकणारी माणसं लहानपणापासून पाहिलेली. पण तिथे बोटाला जाणवणाऱ्या ओढीवर सगळं चालायचं. बॉबरकडे, म्हणजे दोरीवर लावलेल्या तरंगत्या खुणेकडे, बघत बसणं मी नॉर्थ कॅरोलिनात शिकले, आणि आता मला तेच जास्त आवडतं.

क्रॅपीचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. तो आपल्या वरून जाणारं भक्ष्य टिपतो, खाली बघून खाणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणून आमिष त्याच्या थोडं वर हवं. दोन फूट खाली गेलं, तर समोर शंभर मासे असले तरी एकही तोंड लावणार नाही. लोक आमिषाचे रंग बदलत बसतात, मी खोली बदलते.

त्यासाठी सरकता बॉबर लागतो. दोरीवर आधी छोटी दोऱ्याची गाठ, मग मणी, मग बॉबर, त्याखाली शिसं आणि शेवटी गळ. गाठ हाताने वरखाली सरकते, पण रॉडच्या कड्यांतून सहज निघून रीलवर गुंडाळली जाते. फेकताना बॉबर शिशाजवळ असतो, त्यामुळे दहा फूट खोलीसाठीही फेक सोपी जाते. पाण्यात पडल्यावर शिसं दोरी ओढत खाली जातं आणि गाठ मण्याला टेकली की थांबतं. बॉबर पक्का बांधला असता, तर दहा फूट दोरी लोंबकळत फेकणार कशी?

खोली शोधायची माझी रीत सोपी आहे. गाठ मुद्दाम जास्त वर ठेवून फेकायचं. शिसं तळाला टेकलं, की बॉबर उभा राहत नाही, लोळतो. मग गाठ थोडी थोडी खाली आणत जायचं. बॉबर ताठ उभा राहिला, की तळ कळला. तिथून हातभर वर आमिष ठेवून सुरुवात करते, आणि मासा लागेपर्यंत वीत वीत वर येते.

दोरी ४ ते ६ पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी; बॉबर बाल्साच्या हलक्या लाकडाचा आणि पेन्सिलीसारखा सडपातळ. तो लाल-पांढरा गोल चेंडू घेऊ नका. तो ओढताना माशाला जड लागतं आणि तो आमिष सोडून देतो. शिसं एवढं लावायचं की बॉबरचं फक्त टोक वर राहील. आमिष म्हणून जिवंत मिनो, म्हणजे बोटाएवढा छोटा मासा, पाठीच्या पराखाली, कण्याला न लावता टोचलेला. गळ बारीक तारेचा. आपला मासा बुडालेल्या झुडपांत राहतो, तिथे गळ अडकणारच. सावकाश ताण दिला की बारीक तार सरळ होऊन सुटते.

आता मुद्द्याची गोष्ट. नवखे लोक बॉबर बुडायची वाट बघतात. पण क्रॅपी खालून येतो, आमिष तोंडात घेऊन वरच जातो. शिशाचा भार उचलला जातो आणि उभा बॉबर अलगद वर येऊन आडवा पडतो. तोच इशारा! झटका मात्र देऊ नका. त्याच्या ओठांची कातडी कागदासारखी पातळ, फाटून जाते. सैल दोरी गुंडाळायची, रॉड हळूच उचलायचा, ताण कायम ठेवायचा आणि मासा जाळीनेच वर घ्यायचा.

मोठ्या पावसानंतर तर जायलाच हवं. हे धरण पूर अडवण्यासाठी बांधलेलं, त्यामुळे पाणी चढतं आणि काठची झुडपं बुडतात. गढूळ पाण्यात क्रॅपी अगदी दोन-तीन फूट खोलीवर, फांद्यांना चिकटून असतो.

या दिवसांत काळाकुट्ट नर लागला, तर मी सोडते. तो अंड्यांची राखण करत असतो. लांबीची आणि संख्येची मर्यादा आहेच, मोजपट्टी माझ्या डब्यात असते; पण हा माझा स्वतःचा नियम.

घरी आणलेल्या माशांना हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावते, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर तळते. मांस फार नाजूक, एकदाच उलटायचं. रश्शात घालू नका, विरघळतो. रश्शासाठी कॅटफिश आणावा.