सुरुवात कुठून करायची

मी कोल्हापुरात वकिली करते आणि अधूनमधून कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मध्यस्थ म्हणून बसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली कोर्ट काही दावे आमच्याकडं पाठवतं, आम्ही दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवतो आणि त्यांचं त्यांनाच काही जमतंय का बघतो, निकाल द्यायचा अधिकार आम्हाला नसतो. त्यासाठी 40 तासांचं ट्रेनिंग घेतलंय. पण त्या खोलीत मला सगळ्यात जास्त कामाला आलंय ते कथा-कादंबऱ्यांचं वाचन, आणि हे एका दाव्यात इतकं लख्ख दिसलं की लिहायलाच पाहिजे असं वाटलं. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं म्हणून ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत, आणि दोघांना विचारूनच लिहितेय.

दावा वाटपाचा. सख्खे भाऊ, वडिलांचं गुऱ्हाळ आणि थोडी उसाची जमीन. थोरला गुऱ्हाळ चालवतो, धाकटा पुण्यात नोकरीला.

थोरल्याला म्हटलं, दादा तुम्ही बोला आधी. त्यांनी सुरुवात केली, "आबा गेले तवा मी बारावीला होतो." मग कॉलेज सुटलं, पहाटे उठून चुलवाणाला जाळ घालायचा, गूळ करणाऱ्या गुळव्याच्या हाताखाली उभं राहून काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, कधी उतरवायची ते शिकायचं, ह्याचं शिक्षण केलं, बहिणीचं लग्न केलं, आणि मग एकदम "आणि आता ह्यानं मला कोर्टात वडलं." मधली कितीतरी वर्षं गायब.

धाकट्यानं सुरुवात केली ती थेट 2019 च्या महापुरापासून. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, ती कधीच मागं पडलेली, गुऱ्हाळात पुरुषभर पाणी, ओसरल्यावर बघतो तर घाणा चिखलात रुतलेला, पत्रे गेलेले. "मी पर्सनल लोन काढून सगळं उभं केलं मॅडम, अजून हप्ते भरायलोय, आणि हिशेब विचारला तर म्हणतात तू पाहुणा, दोन दिवस ये, जेव आणि जा."

खोटं कुणीच बोलत नव्हतं. घडलेल्या गोष्टी त्याच होत्या, पण घडण्याचा क्रम वेगळा आणि सांगण्याचा क्रम वेगळा, आणि सांगणारा जिथून सुरुवात करतो तिथंच कोण देणेकरी आणि कोण घेणेकरी हे ठरून जातं. आबांच्या मरणापासून धरलं तर धाकटा कृतघ्न, पुरापासून धरलं तर थोरला. कथेत लेखक हे मुद्दाम करतो, मधूनच सुरू करतो, मागचं हवं तेवढंच फ्लॅशबॅकमध्ये देतो, काही दडवून ठेवतो. माणसं भांडताना हेच करतात, फक्त त्यांना ते जाणवत नाही.

दुसरी गोष्ट निवेदकाची. आपल्या कोल्हापूरकरांना हे काय परकं नाही. खांडेकर इथलेच झालेले, त्यांच्या ‘ययाति’त ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापल्या तोंडानं बोलतात आणि देवयानी बोलायला लागली की मघाचा ययाती वेगळाच दिसायला लागतो. शिवाजी सावंत आजऱ्याचे, ‘मृत्युंजय’ आलं 1967 मध्ये, त्यात कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात आणि शेवटचं सांगायला श्रीकृष्ण येतो. ‘मी’ बदलला की तीच घटना दुसरी होते. शाळेत असताना हे वाचून मी येडी झाले होते, आजही त्या तंत्राएवढं न्यायाचं काही मला दिसत नाही, कारण त्यात प्रत्येकाला आपली बाजू पूर्ण मांडायला मिळते, मध्ये कुणी उलटतपासणी घेत नाही.

म्हणून मी त्या दिवशी वकिलांना बाहेर बसायची विनंती केली आणि दोघांना म्हटलं, आता एकमेकांची गोष्ट सांगायची, पण ‘मी’ म्हणून. धाकट्यानं थोरला व्हायचं, थोरल्यानं धाकटा.

थोरल्याला जमेना. "मी पुण्यात नोकरी करतो, तो महिन्याला पैसे..." मी थांबवायची, दादा, ‘तो’ नाही, ‘मी’. परत दोन वाक्यांनी ‘तो’च. तृतीयपुरुषी राहिलं की माणूस लांबून बघू शकतो, ‘मी’ म्हटलं की आत जावंच लागतं, आणि त्यांना आत जायचं नव्हतं. शेवटी एक वाक्य आलं पूर्ण, "मी लोन काढलं तवा घरात कुणी मला विचारलं नाही, तुला झेपंल का." एवढं बोलून ते खिडकीकडं बघत बसले.

मग धाकटा. त्यानं थोरल्याचीच सुरुवात घेतली, आबा गेले, मी बारावीला होतो. बोलता बोलता म्हणाला, "धाकट्याच्या इंजिनिअरिंगच्या फीला मी गाडी विकली आणि घरात सांगितलं चोरीला गेली." थोरल्याच्या स्वतःच्या सांगण्यात हे नव्हतंच! थोरले गर्रकन वळले, "तुला कुणी सांगितलं रं?" "आई बोलली होती. लई वर्षं झाली."

एवढी वर्षं हे वाक्य दोघांच्याही गोष्टीत नव्हतं. थोरल्यानं मोठेपणा नको म्हणून गाळलं, धाकट्यानं ओझं वाटतंय म्हणून. कथेत काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं ते हुडकायचं असतं, हे आमच्या कॉलेजात मराठीच्या बाई सारखं म्हणायच्या.

आणि ती जुनी काहील. दाव्यात तिचा वेगळा उल्लेख होता, भंगारात घातली तर किती येणार, तरी दोघांनाही तीच पाहिजे होती. मी विचारलं तेव्हा कळलं, आबांनी पहिला गूळ तिच्यात काढलेला. लेखकानं घातलं असतं तर आपण प्रतीक म्हणालो असतो, इथं ते दावा मिळकतीच्या यादीत आलं होतं, पण काम तेच करत होतं.

त्या दिवशी काही मिटलं नाही. पुढची तारीख घेतली, नंतरही बैठका झाल्या, हिशेबावरनं आवाज चढले. शेवटी गुऱ्हाळ थोरल्याकडं, राहिलेले हप्ते गुऱ्हाळाच्या उत्पन्नातनं, जमीन निम्मी निम्मी, काहील गुऱ्हाळातच, असं ठरलं.

तडजोडनामा लिहिताना पहिल्याच परिच्छेदावर गाडी अडली. थोरले म्हणाले आबा वारले तिथनं लिहा, धाकटा म्हणाला पुरापासनं लिहा. अर्धा तास गेला त्यात, वकील घड्याळं बघायला लागले. मग धाकट्यानंच सुचवलं आणि थोरले व्हय म्हणाले, तसं लिहिलं: "उभयतांच्या वडिलांनी सदर गुऱ्हाळ सुरू केले, तेव्हापासून..."