रॉयल्टी कधी मिळते?

आमच्या बालगृहात पाहुण्यांचे मोसम ठरलेले आहेत. चवथ, दिवाळी, नाताळ. तेव्हा लाडू आणि केक इतके येतात की पोरं डबे बघून तोंड फिरवतात. जूनमध्ये वह्या-छत्र्या हव्या असतात तेव्हा मात्र गेटाकडे कोणी फिरकत नाही. म्हणून भर आषाढात पुण्याच्या एका कादंबरीकार बाईंचा फोन आला तेव्हा मला बरंच वाटलं. त्यांची नवी कादंबरी एका अनाथ मुलीवर होती. दुसऱ्या दिवशी पणजीत पुस्तकाचा कार्यक्रम, आणि पहिल्या आवृत्तीची सगळी रॉयल्टी आमच्या मुलांना द्यायची त्यांची इच्छा. मी एवढंच सांगितलं, या, पण फोटो नाहीत. बाई लगेच कबूल झाल्या.

फोंडा तालुक्यातल्या या घराची मी अधीक्षिका आहे. पाहुण्यांना नको म्हणणं हा माझ्या नोकरीचा निम्मा भाग, आणि त्यातल्या त्यात दानशूर पाहुण्यांना नको म्हणणं सगळ्यात अवघड.

बाई आल्या, सोबत त्यांचे यजमान. मागच्या गाडीतून प्रकाशनाचा माणूस, दोन कॅमेरावाले आणि गुंडाळलेला बॅनर. पाऊस असा कोसळत होता की सगळे व्हरांड्यात दाटीनं उभे. प्रकाशनाचा माणूस मला म्हणाला, "चेहरे ब्लर करू की मॅडम, त्यात काय?"

मी त्याला किशोर न्याय कायदा सांगितला. 2015 चा, कलम 74. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, दाखवायचं नाही. 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा ऐकून कॅमेरावाल्या पोरानं मुकाट्यानं लेन्सला झाकण लावलं. प्रकाशनाचा माणूस काही हटेना. "मग लोकांना कळणार कसं? पुस्तक खपलं तर पैसे तुम्हालाच येणार ना?" मुद्दा अगदीच फोल नव्हता, हे मी मान्य करते. पण आमची मुलं गावच्या शाळेत जातात, गणवेशावर शाळेचं नाव आहे, आणि गावातल्या प्रत्येक घरात मोबाईल आहे. ब्लर केलेलं पोर वर्गातल्या पोरांना पाठीवरूनसुद्धा ओळखू येतं.

हे चाललं असताना स्वयंपाकाच्या मावशी धावत आल्या. तिसरीतली एक मुलगी बाथरूमला आतून कडी लावून बसली होती. (तिचं नाव सांगत नाही. कलम 74 मलाही लागू आहे.) मी दाराशी जाऊन हाक मारली. आतून आवाज आला, "टीचर, म्हाका व्हरूंक आयल्यात?"

कुणी न्यायला आलं नाही म्हटलं तरी तिला पटेना. "हांव वचना. आवय चवथीक येतली." म्हणजे, मी जाणार नाही, आई चवथीला येणार आहे.

प्रकार असा होता की गाडीतून चांगल्या कपड्यांतलं जोडपं उतरलं की मुलांना वाटतं, मूल निवडायला आले. मोठ्या मुली केस विंचरतात आणि ही लपते. तिची आई वास्कोला हॉटेलात भांडी घासते. रात्रपाळीला पोरीला सांभाळणारं कुणी नाही, म्हणून बालकल्याण समितीच्या आदेशानं ती आमच्याकडे. आमच्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप, कुणीतरी एक आहेच. बाहेर लोक मात्र सरसकट अनाथाश्रम म्हणतात, आणि त्या गुंडाळलेल्या बॅनरवरही तेच असणार.

मागे वळून बघते तर कादंबरीकार बाई तिथेच, ओल्या साडीचा काठ मुठीत धरून. त्यांनी विचारलं, "असं येऊन मूल निवडता येतं?" मी म्हटलं, मुळीच नाही. मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं आहे असं आधी समितीनं जाहीर करावं लागतं. आईबापांनी स्वतः सोपवलं असेल तरी फेरविचाराला 2 महिने देतात. पुढची सगळी नोंदणी 'कारा' या केंद्राच्या दत्तक प्राधिकरणामार्फत, आणि हिच्यासारखी, आई येत-जात असलेली मुलगी त्या यादीत येतच नाही. त्या मुलीला मात्र हे सगळं कोण पटवणार? शेवटी बाईंनी यजमानांना गाडीत जाऊन बसायला सांगितलं. जोडपं मोडल्यावर पाचेक मिनिटांनी कडी निघाली.

बॅनर उघडलाच नाही. बाईंनी कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचायला घेतलं, पण भाषा मोठ्यांची, मुलं चुळबुळायला लागली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, तुमच्या गावात भूत आहे का? मग काय विचारता! देवचार रात्री काठी आपटत, घुंगरं वाजवत राखणीला कसा फिरतो, त्याला विडी आणि रोट कसा देतात, हे सांगायला एकाच वेळी दहा तोंडं उघडली. बाथरूमवाली सगळ्यात पुढे. तिच्या म्हणण्यानुसार देवचार आमच्या टाकीचं पाणी पितो, म्हणून उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. आमच्या खजिनदारांपेक्षा हे स्पष्टीकरण बरं होतं.

जेवताना मी प्रकाशनाच्या माणसाला सरळच विचारलं, रॉयल्टी कधी मिळते? तो जरा चपापला. 350 रुपयांचं पुस्तक, 10 टक्के, म्हणजे प्रतीमागे 35. हजार प्रती, त्याही खपल्या तर, आणि हिशेब आर्थिक वर्षाअखेरीस. म्हणजे पोस्टरवर मदत आज आणि पैसे पुढच्या एप्रिलनंतर. मी बाईंना म्हटलं, मग हे पैसे लाडवांत किंवा वह्यांत नकोत. 18 पूर्ण झाली की मुलांना इथून निघावं लागतं. पुढच्या मदतीची, 21 वर्षांपर्यंतची, तरतूद कायद्यात आहे, पण तो कागद हलेपर्यंत खोलीचं भाडं थांबत नाही. पुढच्या जूनमध्ये आमचा एक मुलगा निघणार होता, फर्मागुढीच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियन शिकणारा. त्याच्या खोलीच्या डिपॉझिटला द्या.

पैसे आले. पूर्ण आवृत्ती खपली नव्हती. कमी पडलेली रक्कम बाईंनी पदरची घातली आणि पावती मात्र वेगळी मागितली. खजिनदारांना ते फार आवडलं.

नंतर त्यांचा एकदा फोन आला. दुसऱ्या आवृत्तीच्या मनोगतात आमच्याबद्दल लिहू का? मी म्हटलं लिहा, संस्थेचं आणि गावाचं नाव तेवढं गाळा. बाईंना चाललं. प्रकाशकाला नाव हवंच आहे. पण दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही, त्यामुळे भांडण तूर्त तहकूब आहे.