हिमोग्लोबिन 3.4

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. त्या दिवशी जांभळ्या झाकणाची एक नळी हलवताना हात थांबला. रक्त फिकट, पातळ, नळीच्या कडेला धरतच नव्हतं. मशीनवर आकडा आला, 3.4. बायकांचं हिमोग्लोबिन 12 तरी असावं लागतं.

मला नमुन्याचाच संशय आला. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढलं की असं पातळ येतं, पण ही ओपीडीची पेशंट होती. काडी फिरवून पाहिलं, आत गुठळी नव्हती. पुन्हा लावलं, 3.5. मग स्लाइड केली. लाल पेशी बारीक, मधोमध पोकळ, बांगडीसारखी नुसती कड उरलेली. काही पेन्सिलीसारख्या लांबट. एका दिवसात रक्त गेलं तर पेशी अशा होत नाहीत. त्यासाठी शरीरातलं लोह महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जावं लागतं.

बाहेर आले तर बाई बाकावर बसलेली. वय 43. एसटी स्टँडवरून चालत आली होती! पुन्हा रक्त काढायला हात धरला, तर नखं चमच्यासारखी खोलगट.

"मावशी, पाळीत जास्त जातं का?"

"समद्याच बायांचं जातं की."

"किती दिवस?"

"धा-बारा." नवरा लांब उभा आहे हे पाहून ती हळू आवाजात बोलायला लागली. कापूस वेचायला जाताना जुन्या लुगड्याच्या तीन घड्या लावायची, तरी दोन तासांत भिजायच्या. लिंबाएवढ्या गाठी पडायच्या. अंथरूण खराब होतं म्हणून त्या दिवसांत गोणपाटावर झोपायची. कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, हेही तिनं लाजत सांगितलं. लोह कमी झालं की अशी ओढ लागते.

चार वर्षं हेच. तिच्या पिशवीतल्या जुन्या कागदांवर अशक्तपणा, धाप, लोहाच्या गोळ्या, ताकदीचं सलाईन असं सगळं होतं. पाळीबद्दल एक शब्द नव्हता. गोळ्या देणाऱ्यानं हे रक्त जातंय कुठं, एवढंही विचारू नये? हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डॉक्टर मॅडमना लगेच फोन केला. सोनोग्राफीत गर्भाशयात सात सेंटिमीटरची गाठ निघाली, फायब्रॉइड. मॅडमनी तिला समजावलं, ही पिशवीच्या स्नायूचीच वाढ आहे, कॅन्सर नाही. गाठ कुठं आहे यावर पुष्कळ असतं. बाहेरच्या अंगाला वाढलेली मोठी गाठसुद्धा कधी नुसती लघवीच्या पिशवीवर दाबते. आतल्या पोकळीत घुसलेली लहान असली तरी रक्त थांबू देत नाही. हिची पोकळीत घुसलेली होती.

रक्त चढवायचं तेही सावकाश. इतक्या कमी रक्तावर हृदय आधीच धावत असतं. घाईनं बाटल्या लावल्या तर फुफ्फुसात पाणी भरतं. रक्ताच्या एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढतं. तीन दिवसांत तीन पिशव्या गेल्या. नंतर लोहाची इंजेक्शनं आणि रक्तस्राव आटोक्यात ठेवायची औषधं.

ऑपरेशनच्या नावानं ती घाबरली. 2019 साली बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं होतं, ते तिच्या कानावर होतं. ती भीती खोटी नव्हती. मॅडमनी घाई केली नाही. नुसती गाठ काढता येते, पिशवीही काढता येते, पिशवी काढली तरी बीजकोष ठेवता येतात, हे कागदावर चित्र काढून सांगितलं. तिनं आठवडाभर विचार केला आणि पिशवी काढायचं स्वतः ठरवलं. हिमोग्लोबिन 10 वर आल्यावर मेडिकल कॉलेजात ऑपरेशन झालं. तपासणीतही गाठ साधीच निघाली.

दोन महिन्यांनी ती पुन्हा माझ्यासमोर हात पुढं करून बसली. या वेळी सोबत मोठी मुलगी होती.

"माझ्या आईचंबी असंच जायचं," ती म्हणाली. "धाप लागून लागून गेली बिचारी. तिचं रगत कुणी कधी काढलंच न्हाई. आता हिचंबी बघा."

मी दुसरी नळी घेतली.