हवेच्या अपव्ययाचे मेमो

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींतील काही कारखान्यांच्या अंतर्गत समित्यांवर मी बाह्य सदस्य म्हणून काम करते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अशी समिती नेमायला लावतो. समितीची अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा, म्हणजे मालकाच्या पगारावर नसलेले एक तरी माणूस टेबलाशी बसेल, अशी त्यामागची कल्पना आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ही समिती म्हणजे ग्राहक कंपनीचे लोक तपासणीला आले की दाखवायची एक फाईल असते, आणि बाह्य सदस्याने वर्षातून एक व्याख्यान द्यावे व सांगतील तिथे सह्या कराव्यात एवढीच अपेक्षा असते. ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे, त्यातही पहिल्याच बैठकीत माझ्यापुढे आधीच टंकलेले इतिवृत्त ठेवले होते. कलम १६ प्रमाणे कोणाचीही ओळख उघड करता येत नाही, त्यामुळे कारखाना आणि माणसे ओळखू येतील असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत.

त्या कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे भाग तयार होतात. यंत्रावरून उतरलेल्या भागाच्या कडांना आणि भोकांच्या तोंडाशी धातूची बारीक कूस राहते, तिला तिथे सगळे ‘बर’ म्हणतात. हा बर नखाने चाचपला तरी जाणवणार नाही इतका लहान असतो, पण आत राहिला तर पुढे कधीतरी सुटून तेलात मिसळतो, व्हॉल्व्हच्या आत सरकणारी दांडी, म्हणजे स्पूल, अडकवतो आणि कुठल्यातरी शेतातला ट्रॅक्टर नाहीतर खाणीवरचे यंत्र बंद पाडतो. तो हाताने काढण्याचे आणि शेवटच्या तपासणीचे काम बायका करतात. आधी स्क्रेपर व ब्रश, मग हवेच्या गनने फुंकून काढणे, मग धुणे, मग प्लग गेज, म्हणजे भोकाचे माप तपासायची कांडी, घालून भोक बघणे आणि शेवटी तेल लावून कागदात गुंडाळणे, असा क्रम ठरलेला आहे व तो प्रत्येक टेबलावर लावलेल्या तक्त्यात लिहिलेला आहे. पुढच्या सगळ्या प्रकाराचा उलगडा या क्रमातूनच झाला, म्हणून तो सांगितला.

तक्रार आली ती वहीच्या रेघी पानावर, मराठीत. तक्रारदार बाई ठेकेदारामार्फत कामाला होत्या, नवरा गोव्यात कामाला, घर खानापूर रस्त्यावरच्या एका गावात. पर्यवेक्षक रोज काही ना काही कारण काढून टेबलापाशी येतात, मागे उभे राहतात, गेज कसे धरायचे ते दाखवतो म्हणून हात धरतात, रात्री फोन करतात, ओव्हरटाइमच्या यादीत माझेच नाव घालतात आणि मग गाडीवरून घरी सोडतो म्हणतात, असा मजकूर होता. तारीख फक्त एक, तीही ‘परवा’ अशी. मनुष्यबळ अधिकाऱ्यांचा पहिला आक्षेप असा की ही बाई आमची कर्मचारीच नाही, ठेकेदाराने बघावे. कायद्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत ठेक्यावरची, रोजंदारीवरची, इतकेच काय बिनपगारी प्रशिक्षणार्थीही येते, हे मला प्रत्येक कारखान्यात नव्याने वाचून दाखवावे लागते. दुसरा आक्षेप मुदतीचा होता, कारण घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते आणि यातले बरेचसे त्याआधीचे होते. घटनांची मालिका असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजावी असे कलम ९ मध्येच लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांना हे माहीत होते की असा त्रास सहसा एका दिवसात होत नाही.

उत्पादन विभागातले एक सदस्य मात्र शेवटपर्यंत एकच विचारत राहिले, “नेमकं झालं काय?” त्यांना एक मोठी घटना हवी होती, जिला तारीख असेल आणि साक्षीदार असेल. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. यंत्र बंद पडले की कोणता भाग तुटला हे शोधण्याची त्यांना सवय आहे. पण सुटे सुटे पाहिले तर या तक्रारीतले प्रत्येक वाक्य निरुपद्रवी ठरवता येत होते. पर्यवेक्षकाने टेबलापाशी जाणे हे त्याचे कामच आहे, गेज शिकवणेही कामच, ओव्हरटाइम म्हणजे तर उलट जास्तीचे पैसे, आणि अंधार पडल्यावर बाईमाणसाला घरी सोडणे हे सौजन्य. फोन दहानंतरचे होते, पण दुसऱ्या दिवशीच्या मालाबद्दल विचारायला केले असे उत्तर आले. संदेश एकही नव्हता, लिहून काही ठेवायचे नाही एवढे भान पर्यवेक्षकांना होते.

मी ओव्हरटाइमच्या याद्या मागवल्या. साधी पाळी साडेपाचला सुटते, ओव्हरटाइम आठपर्यंत चालतो. जून २०२३ मध्ये शक्ती योजना सुरू होऊन बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाल्यापासून बहुतेक कामगार बायका बसनेच जातात, आणि कोणती बस किती वाजता तिसऱ्या रेल्वे गेटाशी येते हे त्यांना तोंडपाठ असते. आठला सुटलेल्या बाईला गावाकडच्या बससाठी अंधारात बराच वेळ थांबावे लागते, आणि हे जितके तिला माहीत असते तितकेच यादी करणाऱ्यालाही. विभागातल्या इतरजणींची नावे यादीत आळीपाळीने येत होती, हिचे नाव जवळजवळ प्रत्येक यादीत होते. आणखी एक गोष्ट होती, जी तेव्हा मला नुसतीच विचित्र वाटली. काही आठवड्यांनंतरच्या याद्यांत तळाशी, वेगळ्या शाईने, त्याच विभागातल्या एका वयस्क बाईचे नाव वाढवलेले दिसत होते. त्यांना सगळे मावशी म्हणतात. घर चालत जाण्याच्या अंतरावर, मुलगे मिळवते, आणि त्याआधी त्यांनी ओव्हरटाइम कधी मागितल्याची नोंद नव्हती.

साक्षींचा दिवस निराशेचा होता. जबाब मी नेहमी बोलणारीच्या शब्दांत लिहून घेते, वाचून दाखवते आणि पानापानावर सही घेते, कारण कार्यालयात बसून सुधारलेल्या भाषेत कोणाचाच जबाब ओळखू येत नाही. एकामागून एक बायका आल्या आणि आपण काही पाहिले नाही असे सांगून गेल्या. मावशींना मी विचारले, “साहेब शेजारच्या टेबलाशी यायचे तेव्हा तुम्ही काय पाहिलंत?”

“मी काय बघितलो नाही मॅडम. मान खाली घालून हवा मारत होतो.”

पुढच्या दोघीही हवाच मारत होत्या. सदस्य महाशयांनी पेन खाली ठेवले. मी मात्र ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

उलगडा केला तो पर्यवेक्षकांच्याच उत्तराने. तक्रारीची प्रत मिळाल्यावर दहा कामकाजी दिवसांत त्यांना लेखी म्हणणे द्यायचे असते, ते त्यांनी चांगल्या तयारीने दिले. आपण त्या विभागात आठवड्यातून एखाद्या वेळी जातो. तिथल्या बायका आपल्यावर चिडून आहेत, कारण दाबाच्या हवेचा अपव्यय आपण खपवून घेत नाही. पुरावा म्हणून मावशींना दिलेल्या मेमोंच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, असे त्यांनी लिहिले होते. मेमोंची भाषा एकसारखी होती: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक टेबलावर, तेल लावून झालेल्या भागांवर विनाकारण एअर गन चालवताना मी स्वतः समक्ष पाहिले. दाबाची हवा महाग असते, कॉम्प्रेसर वीज खातो, त्यामुळे कारखान्यात असा मेमो कोणालाही योग्यच वाटतो. प्रत्येक मेमोवर मनुष्यबळ विभागाची पोचसही होती.

आमच्या अध्यक्षबाई लेखा विभागातल्या. तोपर्यंत त्या फारशा बोलल्या नव्हत्या, आणि त्या व्यवस्थापनाच्या बाजूने झुकतील असा माझा अंदाज होता. त्यांनी मेमो, ओव्हरटाइमच्या याद्या आणि तक्रारदार बाईंच्या फोनमधली कॉलची यादी हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बँकेचे पासबुक जुळवावे तसे एकेका तारखेवर टिंब करत गेल्या. मेमोचा दिवस हा हिच्या ओव्हरटाइमचा दिवस होता, मेमोचे टेबल हे हिच्या शेजारचे टेबल होते, आणि बहुतेक वेळा त्याच रात्री फोन होता. आठवड्यातून एखाद्या वेळी जाणाऱ्या माणसाने आपण तिथे किती वेळा आणि किती वाजता उभे होतो याची नोंद स्वतःच्या सहीने करून ठेवली होती.

एअर गन चालू झाली की हातभर अंतरावरचे बोलणे ऐकू येत नाही, आणि तेल लावलेल्या भागावर हवा मारली तर तेलाचे शिंतोडे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टावर उडतात. क्रमाच्या तक्त्याप्रमाणे त्या वेळी हवेचे काहीच काम नसते. उलटतपासणीत दोन्ही बाजूंचे प्रश्न मी लेखी मागवते, म्हणजे समोरासमोर बसावे लागत नाही. पर्यवेक्षकांनी विचारले होते, तेल लावल्यावर हवा मारण्याची काय गरज होती? मावशींनी शांतपणे सांगितले, “भोकात बर राहिला तर माल परत येतोय. मग मेमो मलाच मिळतोय.”

तक्रार येण्याच्या कितीतरी आधी त्या टेबलांवरच्या बायकांनी हा प्रकार ओळखला होता, आपसात एक शब्दही न बोलता त्यावर उपाय काढला होता आणि तो चालवलाही होता. एकीने हवा सोडायची, एकीने गेज मागायला जायचे, मावशींनी नको असलेला ओव्हरटाइम करायचा. आम्ही त्यांना काय पाहिले हे विचारत होतो. काय केले हे विचारले असते तर त्यांनी हातातले काम सोडून सगळे सांगितले असते, असेही नाही. पण आता कोणत्याही चौकशीत मी प्रथम आजूबाजूच्या माणसांच्या बदललेल्या सवयी विचारते. कोणी पाणी प्यायचे कमी केले आहे का, कोणी जागा बदलून मागितली का, कोणी डबा खायला दोघीदोघीने जाऊ लागले का.

अहवाल लिहिताना मात्र मी अडले. त्याची प्रत दोन्ही पक्षांना द्यावी लागते. हवेची गन कशासाठी चालत होती हे त्यात लिहिले, तर पर्यवेक्षकांना कळणार, आणि त्यांच्यामार्फत त्यांच्यासारख्या इतरांनाही, आणि बायकांच्या हातातले हे एकमेव साधन निरुपयोगी होणार. न लिहावे तर आमचा निष्कर्ष अपुरा. मी आणि अध्यक्षबाई मावशींना जाऊन भेटलो. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “लिवा. पण मी सांगितलो म्हणून लिवू नका, मेमोत दिसतंय म्हणून लिवा.” कायद्याच्या पदवीधरालाही सुचू नये असा तो मार्ग होता, आणि आम्ही तसेच लिहिले. अशा चौकशीत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभाव्य आहे हे बघायचे असते. तेवढ्याला ते तीन कागद पुरेसे होते.

मधल्या काळात ठेकेदार आणि गावातले एक पुढारी ‘मिटवून टाका’ म्हणून येऊन गेले. समेट फक्त तक्रारदार स्त्रीच्या मागणीवरून आणि चौकशी सुरू होण्याआधी करता येतो, पैशांच्या देण्याघेण्यावर तर मुळीच नाही, हे सांगून त्यांना परत पाठवले. तक्रारदार बाईंना तात्पुरता दिलासा म्हणून रजा देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. घरी बसले तर गाव विचारेल, कामावर गेले तर निदान कामावर आहे असे सांगता येते, असे त्यांचे म्हणणे. पर्यवेक्षकांची वेतनवाढ रोखली गेली, त्यांना दुसऱ्या युनिटच्या गोदामात हलवले, समुपदेशनाची अट घातली, आणि ओव्हरटाइमची यादी आता आळीपाळीने, आठवडाभर आधी फळ्यावर लागते. शिक्षा कमी वाटते असे मला काहींनी सांगितले. तक्रारदार बाईंनी तसे म्हटले नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

मावशींचे मेमो मात्र अजून त्यांच्या फाईलमध्ये आहेत. ते रद्द करावेत अशी शिफारस मी सुचवली, तेव्हा उत्पादन विभागाच्या सदस्यांनी हा समितीच्या अधिकाराबाहेरचा विषय असल्याचे सांगितले, आणि मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी त्याला मान डोलावली. त्याच अधिकाऱ्यांच्या विभागाने प्रत्येक मेमोवर पोचसही केली होती आणि एकदाही विचारले नव्हते की वर्षानुवर्षे चोख काम करणारी बाई अचानक तेल लावलेल्या मालावर हवा का मारू लागली. कलम १२ मधला दिलासा तक्रारदार स्त्रीसाठी आहे, साक्षीदारांचा त्यात उल्लेख नाही, ही गोष्ट खरी. पण मावशीही ठेक्यावर आहेत, आणि ठेक्याचे नूतनीकरण होताना फाईलमधले मेमो मोजले जातात. मी अहवालाला वेगळी टीप जोडली, नंतर व्यवस्थापनाला पत्र लिहिले. त्याला उत्तर आलेले नाही. आता वार्षिक अहवालाचा तक्ता सहीसाठी आला आहे, त्यात ‘प्राप्त तक्रारी १, निकाली १’ असे छापले आहे. मेमो मागे घेतल्याचे पत्र मावशींच्या हाती पडेपर्यंत मी त्यावर सही करणार नाही असे अध्यक्षबाईंना कळवले. सहीचा आणि मेमोंचा संबंध कोणत्या कलमात लिहिला आहे ते दाखवा, असे त्या म्हणाल्या, आणि ते मला दाखवता येत नाही.