सोळा खाने आणि एक खाली

एफएल स्टुडिओ हे संगणकावर संगीत रचायचं सॉफ्टवेअर उघडलं की समोर ड्रमच्या चार आवाजांच्या चार ओळी येतात: किक (खर्जातला मोठा ठोका), क्लॅप (टाळी), हॅट (झांजेचा चिक), स्नेअर (कडक थाप). प्रत्येक ओळीत सोळा रिकामे खाने. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ साली हे सॉफ्टवेअर आणलं तेव्हा त्याचं नाव फ्रूटीलूप्स होतं, आणि तेव्हाही हे खाने होतेच. वरातीची रिमिक्स करणारी पोरं आज त्याला नुसतं ‘एफएल’ म्हणतात. रिकामा खाना दिसला की बोट शिवशिवतं. या विद्येतली निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

पहिला ठेका मात्र खरोखर दोन मिनिटांत होतो. किक १, ५, ९ आणि १३ वर. क्लॅप ५ आणि १३ वर. हॅट ३, ७, ११ आणि १५ वर, म्हणजे दोन किकच्या बरोबर मध्ये. वेग मिनिटाला १२० ते १२५ ठोके. झालं हाउस संगीत! पाय हलतो, आपण खूश. पाचव्या मिनिटाला तोच ठेका सरकारी पंपासारखा वाजायला लागतो.

असं का होतं, ते कानांनी पकडण्यापेक्षा आकड्यांनी पकडणं सोपं. एक तर प्रत्येक हॅट सारख्याच जोराने वाजते. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या संकेतभाषेत, आघाताचा जोर १ ते १२७ असा मोजतात आणि क्लिकने भरलेले सगळे ठोके एकाच आकड्यावर बसतात. १००, ६५, ८५, ६० असे उतार-चढ दिले की तीच हॅट माणसाच्या हातातली वाटू लागते. दुसरं कारण वेळेचं. १२० च्या वेगात एक खाना १२५ मिलिसेकंदांचा, जोडीचे दोन मिळून २५०. जोडीतला दुसरा ठोका ५० टक्क्यांवर पडला तर सरळ चाल. तो ५४ टक्क्यांवर, म्हणजे १३५ व्या मिलिसेकंदाला नेला की अवघा दहा मिलिसेकंदांचा उशीर होतो, पण चालीत झोका येतो. सरकवत सरकवत ६६ टक्क्यांपर्यंत नेलं की तीनाची लय ऐकू येते, घोड्याच्या दुडक्या चालीची. ही सोय जुनी आहे. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम यंत्रात ती होती. नवशिका मात्र ‘माणूसपण’ आणायचं म्हणून सगळेच ठोके इकडेतिकडे विखरून टाकतो. त्याने झोका येत नाही, ठेका नुसता लडखडतो. किक जागेवर ठाम राहू द्यावी आणि झोका हॅटला द्यावा.

तबला थोडाफार शिकलेल्यांचा घोटाळा वेगळाच. सोळा खाने दिसले की त्यांना त्रिताल आठवतो आणि ते एका खान्यात एक बोल भरतात. पण हे खाने मात्रांचे नाहीत. चार ठोक्यांचे प्रत्येकी चार तुकडे आहेत ते. एका खान्याला एक मात्रा धरली तर १२० च्या वेगात मिनिटाला ४८० मात्रा होतात आणि अख्खं आवर्तन दोन सेकंदांत संपतं. एवढ्या द्रुतात वाजवणाऱ्याला दंडवत. एका ठोक्याला एक मात्रा धरावी, म्हणजे त्रितालाला चार बार (चार ठोक्यांचा, सोळा खान्यांचा एक बार), ६४ खाने लागतात. केरवा सोपा: आठ मात्रा, प्रत्येकीला दोन खाने, एका बारमध्ये चोख बसतो. दादऱ्याच्या सहा मात्रांसाठी पॅटर्न बारा खान्यांचा करावा लागतो. सोळात कोंबला तर चार खाने उरतात आणि सम दर वेळी पुढे पळते.

आता त्या ६४ खान्यांत त्रितालाचा ठेका मांडून बघा. नववी मात्रा खालीची. तिथे बोल ‘धा’च असतो, पण दहावीपासून तेराव्यापर्यंत ‘तिं तिं ता, ता’ असं चालतं आणि डग्ग्याचा खर्ज गप्प बसतो. चौदाव्या ‘धिं’ला तो परततो आणि समेची चाहूल लागते. डान्स संगीतात मधेच किक काढतात, लोक वर बघत थांबतात आणि किक परत आली की उसळतात. युक्ती तीच, फक्त चार मात्रांऐवजी आठ किंवा सोळा बार ताणलेली.

शिकणारे अडकतात ते नेमके इथे. आठ बारांचा सुंदर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, तयार असतो, त्यात रोज एक वाद्य वाढतं आणि गाणं काही पुढे सरकत नाही. याला उपाय उलटा आहे. भरगच्च लूप टाइमलाइनवर पाच मिनिटांपर्यंत पसरावा, मग खोडत सुटावं. पहिल्या सोळा बारांत फक्त किक आणि हॅट. सतराव्याला क्लॅप. तेहतिसाव्याला बेस, म्हणजे खर्जातलं वाद्य. मध्यावर किक पूर्ण बंद. नवीन वाद्य आणायच्या आधीच्या शेवटच्या ठोक्यावर सगळंच क्षणभर काढलं तर आणखी बरं. वाढवायला पैसे पडत नाहीत म्हणून वाढवत जाणं, हा या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा मोह.

खर्जाचं भांडण तर अटळच. किक आणि बेस दोघांनाही ४० ते १०० हर्ट्झची एकच खोली हवी असते. दोन्ही एकदम वाजले की एक तर लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, नाहीतर बेरीज होऊन मीटर लाल होतं. म्हणून किक आधी सुरात लावावी, तबलजी हातोडी घेऊन बसतो तशी. गाणं पांढरी सहामध्ये असेल तर किकचा गाभा ५५ हर्ट्झला, पांढरी पाचमध्ये असेल तर ४९ ला. मग साइडचेन: बेसवर कॉम्प्रेसर (आवाज दाबून धरणारं साधन) बसवायचा आणि त्याला किककडे कान द्यायला सांगायचं. किक पडली की बेस वाकतो आणि साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंदांत पुन्हा उभा राहतो. हा परतीचा वेळ चारशेच्या वर गेला तर पुढची किक येईपर्यंत बेस उठतच नाही. ३० हर्ट्झच्या खालचं दोन्हींतून सरळ कापावं. ऐकू काही येत नाही, जागा मात्र खातं.

रागाकडे वळणाऱ्यांनी १९८२ सालचं मुंबईतलं एक काम ऐकावं. चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम यंत्राला आणि टीबी-३०३ या बेस यंत्राला हाताशी धरून डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती, आणि मींडेसारखं काही काढायला तेवढा धागा पुरतो. एफएलच्या पियानो रोलमध्ये, म्हणजे सूर मांडायच्या खिडकीत, यासाठी स्लाइड नोट आहे: तिची लांबी तोच मींडेचा वेळ. पण ती घरच्याच वाद्यांना कळते, बाहेरून आणलेल्या बहुतेक वाद्यांना कळत नाही. तिथे पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली वाकवण्याची सोय, वापरावा लागतो आणि त्याची मर्यादा सहसा वर-खाली दोनच अर्धस्वरांची असते. सा वरून थेट प ला जाणारी मींड रे पाशी धापा टाकते. ही मर्यादा वाद्यात आणि एफएलच्या चॅनल सेटिंगमध्ये, दोन्हीकडे बारा अर्धस्वरांची करून घ्यावी.

एक सूचना आधीच द्यायला हवी होती. एफएलच्या मोफत चाचणी आवृत्तीत प्रोजेक्ट जतन होतं, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. बंद करण्याआधी प्रत्येक ट्रॅकची वेगवेगळी वेव्ह (ध्वनी) फाइल काढून ठेवावी.

शेवटी सगळे गाणं फोनवर लावतात, आणि किक गायब! फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ५५ हर्ट्झ झेपतच नाही. आवाज वाढवून काही होत नाही. किकवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाला किंचित फाटवणारा परिणाम, चढवावं, म्हणजे ११०, १६५, २२० असे वरचे स्वरांश उमटतात. तेवढे फोन वाजवतो, आणि कान त्यांच्यावरून खालचा ५५ स्वतःच ऐकून घेतो.